डेटा सायन्समध्ये पीएचडी होत आली. पुढे प्राध्यापकी, पोस्टडॉक की कंपनी?

औशाची लेक :
नमस्कार मंडळी. प्रबंध पुढच्या महिन्यात जमा करतेय. विषय आहे उपग्रहाच्या प्रतिमांवरून लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या सोयाबीनच्या उत्पादनाचा अंदाज. गाइड म्हणतात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन) कर, घरचे म्हणतात प्राध्यापक हो. आमच्याकडे जागा निघतात त्या बहुतेक तासिका तत्त्वावरच्या. एका कंपनीत मुलाखतीला गेले तर पहिलाच प्रश्न, “कोडिंग येतं की नुसते पेपर लिहिता?” तेव्हापासून डोकं भंजाळलंय. या वाटेने कुणी गेलं असेल तर सांगा ना, पीएचडीचा खरा उपयोग कुठे होतो?

शिवारफेरी :
ताई, तुमच्या विषयाला पीकविम्यात मागणी आहे. मी पीएचडीनंतर याच कामात आलो. पंतप्रधान पीकविमा योजनेत २०२३ पासून भात आणि गव्हाचं उत्पादन ठरवताना तंत्रज्ञानाच्या अंदाजाला किमान ३० टक्के भार देतात. २०२४ च्या खरिपापासून त्यात सोयाबीनही आलं. बाकी भार पीककापणी प्रयोगांचा (शेतातलं पीक प्रत्यक्ष कापून केलेल्या मोजणीचा). म्हणजे मॉडेलचा आकडा घसरला की अख्ख्या महसूल मंडळाची भरपाई बदलते. अंदाज कुठे चुकतोय आणि का चुकतोय, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस इथे लागतो, आणि पीएचडीत आपण तेच शिकतो.

मुलाखतीत पेपरांची यादी वाचू नका. ऑगस्टात ढगांमुळे सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमा हाती लागत नाहीत, तेव्हा काय केलंत? सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार ढगांतूनही बघतं, ते कसं जोडलंत? फळ्यावर मांडून दाखवा. उमेदवार निवडताना मी तरी हेच बघतो.

सरकारी बाजूला नागपूरचं एमआरसॅक (राज्याचं सुदूर संवेदन केंद्र), हैदराबादचं एनआरएससी (इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र) आणि दिल्लीचं महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा. प्रकल्पावरच्या जागा मात्र कंत्राटी असतात.

संख्याशास्त्राच्या मॅडम :
अगं, गाइडच्या म्हणण्यालाही कारण आहे. आयआयटीत ग्रेड-१ सहायक प्राध्यापकासाठी पीएचडीनंतर ३ वर्षांचा अनुभव मागतात. पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत डेटा सायन्सचा स्वतंत्र विभाग आहे, आयआयटी मुंबईत सी-माइंड्स हे मशीन इंटेलिजन्स आणि डेटा सायन्सचं केंद्र आहे. तिथल्या लोकांना आत्ताच लिही. विद्यापीठात कायम जागा मिळाली तर मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. पण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं अडकू नकोस. माझ्या हुशार विद्यार्थिनींचं संशोधन त्यात थांबलेलं पाहिलंय, फार जीव तुटतो.

औशाची लेक :
मनापासून आभार मॅडम, लगेच लिहिते. शिवारफेरी दादा, एका मंडळात शेजारच्या दोन गावांचे कापणीचे आकडे दशांशापर्यंत सारखे निघाले. मी ते वगळले आणि कारण परिशिष्टात दिलं. हे मुलाखतीत सांगण्यासारखं आहे का?

शिवारफेरी :
सगळ्यात आधी तेच सांगा. परिशिष्टातून पहिल्या पानावर आणा, आणि ते आकडे धरून व वगळून अंदाज किती बदलतो त्याचा तक्ता सोबत ठेवा.