करिअर सोडल्यापासून बायको प्रत्येक गोष्टीवर वाद घालते. नेमकं काय करावं?

पाऊलवाट:
बायकोने वरच्या पदावरची नोकरी स्वतःहून सोडली, त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून रोज खटके उडतात. विषय क्षुल्लक असतात: डबे कसे रचले, पंखा का चालू राहिला, मी फोनवर कोणाशी काय बोललो. समजावलं की ती आणखी मुद्दे काढते, गप्प बसलो की "उत्तरही देत नाहीस" म्हणून भडका. मी अजून नोकरीत आहे; संध्याकाळी घरात पाऊल टाकताच सुरुवात होते. धमकी किंवा हात उगारणं असलं काही नाही. समुपदेशनाला ती तयार नाही. नेमके उपाय हवे आहेत, "धीर धरा" नको.

तिसरा_प्रहर:
डब्यांवरचा वाद डब्यांचा नाही, हे आधी पक्कं धरा. बेरोजगारीचा अभ्यास केलेल्या समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा यांनी मांडलं होतं की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते: दिवसाला आखणी, घराबाहेरची माणसं, सामायिक उद्दिष्ट, ओळख आणि नियमित काम. नोकरी स्वतःहून सोडली तरी यातलं बरंच एकदम जातं. त्यात वरच्या पदावरच्या माणसाचा शब्द दिवसभर चालत असतो. तो आता फक्त घरात चालवता येतो, आणि घरात समोर तुम्ही एकटेच.

म्हणून तिला कामं नकोत, अधिकार हवा. एखादा अख्खा विषय ठरवा, उदाहरणार्थ घराची दुरुस्ती किंवा गुंतवणूक: निर्णय तिचा, खर्चाची मर्यादा दोघांनी आधी ठरवलेली, त्या मर्यादेत तुम्ही विचारायचं नाही. बहुतेक घरांत हे इथेच फिसकटतं. अधिकार दिला म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी "हे एवढ्याला का घेतलं?" विचारतात. दुसरी चूक म्हणजे तिचं वेळापत्रक आपणच बनवणं. "कुठला विषय पूर्ण तुझ्याकडे असावा असं वाटतं?" एवढं विचारा आणि उत्तराची वाट बघा. लगेच उत्तर आलं नाही तर चार दिवस जाऊ द्या.

खिडकीजवळ:
वरचं पटलं, पण त्याला महिने लागतील. रोजच्या भडक्याचं आज काय, ते लिहितो.

मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांची भांडणं प्रयोगशाळेत नोंदवली. त्यांचं एक निरीक्षण असं की नाडीचे ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की माणसाला ऐकलेलं नीट कळेनासं होतं. त्या अवस्थेत समजावणं फुकट जातं. शरीर शांत व्हायला किमान २० मिनिटं लागतात. म्हणून थांबायचं, पण परतीची वेळ सांगून: "मला आत्ता नीट ऐकू येत नाहीये. साडेआठला इथेच बसू." आणि साडेआठला तुम्हीच जाऊन बसायचं. वेळ न सांगता उठून गेलात तर तिच्या दृष्टीने ते तोंड फिरवणंच, तुमच्या गप्प बसण्यावर भडका उडतो तो याचमुळे. मधल्या वेळात मनात उत्तरं जुळवत बसू नका, राग धगधगत राहतो. चाला, काहीतरी आवरा. हा नियम शांत वेळी दोघांनी ठरवायचा, ऐन भांडणात काढला तर तोच नवा मुद्दा होतो.

तक्रारीत खरा भाग असेल तर तेवढाच मान्य करा: "पंखा चालू राहिला, बरोबर." पुढे "पण" नको. त्या "पण"ने आधीचं मान्य केलेलं पुसलं जातं.

आणि संध्याकाळचं. आल्यावर पहिली १५ मिनिटं घरकामाचे विषय दोघांनीही काढायचे नाहीत. त्या वेळात फोन खाली ठेवून तिच्या दिवसाबद्दल विचारा. "आज काय केलंस?" हे हिशेब मागितल्यासारखं लागतं. कालचा धागा पकडून विचारा: "ते पुस्तक कुठवर आलं?"

ओंजळ:
दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत, पण तब्येत कोणीच काढली नाही. सततची चिडचिड हे नैराश्याचं रूप असू शकतं, दुःखी दिसायलाच हवं असं नाही. झोप बिघडणं, आवडीच्या गोष्टी सुटणं, थकवा हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल तर डॉक्टरांना दाखवा. ते बहुधा पीएचक्यू-९ ही नैराश्यासाठीची ९ प्रश्नांची चाचणी देतील. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी करतात. वय ४५ च्या आसपास किंवा पुढे असेल तर रजोनिवृत्तीच्या काळातली अपुरी झोप आणि थायरॉइड हेही बघून घ्यावं. स्वभाव पार बदललाय, माया आटलीय, पैशांचं भान सुटलंय असं असेल तर मेंदूविकारतज्ज्ञ गाठा.

भांडण चालू असताना "तू डॉक्टरला दाखव" मात्र कधीही म्हणू नका. ती शिवी म्हणून ऐकू जाते. दोघांचीही वार्षिक तपासणी म्हणून जा.

पाऊलवाट:
मनापासून आभार. पैशांचं कसं करू? तिचा पगार बंद झाल्यापासून खर्चाचा विषय निघाला की ती सगळ्यात जास्त तुटून पडते.

तिसरा_प्रहर:
कारण तिला प्रत्येक खर्चासाठी तुमच्याकडे बघावं लागतं, मागावं लागलं नाही तरी. दर महिन्याला दोघांच्या खात्यात सारखीच वैयक्तिक रक्कम आपोआप वळती होईल अशी बँकेत सूचना देऊन ठेवा. त्या रकमेचा हिशेब कोणी कोणाला द्यायचा नाही. घरखर्चासाठी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्धा तास बसा. वही तिच्या हातात असू दे. एका बैठकीत दोनच विषय. तिसरा निघाला तर पुढच्या आठवड्याच्या पानावर लिहायचा. सुरुवातीला एखाद-दुसरी बैठक भांडणातच संपेल, तरी वार मोडू नका.

समुपदेशनाला ती येत नसेल तर तुम्ही एकटे जा. प्रतिसाद देण्याची तुमची पद्धत बदलली की निम्मा वाद तरी बदलतो. जाताना लपवू नका आणि तिलाही ओढू नका: "मला नीट बोलायला शिकायचंय, म्हणून जातोय," एवढं सांगणं पुरे.