पायथॉनमध्ये मराठी नोंदींचा हॅश कसा काढावा? रोज वेगळाच आकडा येतोय

ग्रंथसखी

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यातल्या वाचनालयाची सूची संगणकावर चढवायचं काम आम्ही सात-आठ जण गेलं वर्षभर करतोय. नोंदी ४० हजारांच्या घरात गेल्यात. निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या वेळी टंकल्यामुळे एकेक पुस्तक दोनदा-तीनदा आलंय. दुबार नोंदी हुडकायला मी प्रत्येक नोंदीचं शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि वर्ष एकापुढे एक जोडलं, त्यावर पायथॉनचं 'हॅश' फंक्शन (मजकुरावरून एक आकडा काढणारं) चालवलं आणि आलेला आकडा एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये साठवला.

शनिवारी रात्री सगळं व्यवस्थित झालं. रविवारी सकाळी नवी यादी ताडायला घेतली तर एकही आकडा जुळेना. मुद्दाम जशीच्या तशी पुन्हा टाकलेली नोंदसुद्धा नाही! कोड तोच, माहिती तीच, लॅपटॉप तोच. दोन दिवस झाले, ताकास तूर लागत नाही.

शिवाय जुन्या दुर्मीळ अंकांचे स्कॅन आहेत, पीडीएफमध्ये. त्यांतही दुबार प्रती आहेत. एमडी५, एसएचए-१, एसएचए-२५६, एक्सएक्सहॅश अशी हॅश काढायच्या पद्धतींची नावं वाचली. कुठला घ्यावा? मी शाळेत शिकवते, प्रोग्रॅमिंग स्वतःच शिकलेय, तेव्हा जरा उलगडून सांगा.

रात्रपाळी

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही, फक्त हत्यार दुसऱ्याच कामाचं उचललंय. पायथॉनचं अंगभूत 'हॅश' हे डिक्शनरी आणि सेट या माहिती ठेवायच्या रचनांच्या आतल्या कामासाठी असतं. कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात ठेवायची एवढंच त्याला ठरवायचं असतं आणि प्रोग्रॅम बंद झाला की त्या आकड्याची गरज संपते.

तो रोज बदलतो तो मुद्दाम. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये दाखवलं गेलं की, एकच हॅश येणारे हजारो शब्द मुद्दाम निवडून एका वेब फॉर्ममधून पाठवले तर सगळे एकाच कप्प्यात जाऊन पडतात आणि सर्व्हर त्यांच्याशी झगडतच बसतो. त्यावर उपाय म्हणून पायथॉन ३.३ पासून दर वेळी प्रोग्रॅम सुरू होताना एक नवं गुपित बीज निवडलं जातं आणि ते मजकुराच्या हॅशमध्ये मिसळलं जातं. बीज बदललं की आकडा बदलला. नुसत्या पूर्णांकांना हे बीज लागत नाही. १९६० दिलंत तर रोज १९६०च येईल. त्यामुळे आकडे देऊन चाचणी केली की सगळं ठीक वाटतं आणि फसायला होतं. बीज शून्यावर कायम करायची सोय आहे, पण साठवणुकीसाठी तो मार्ग धरू नका.

तुम्हाला हवंय ते हॅशलिब हे मॉड्यूल. पायथॉनसोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. मजकूर आधी यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करायचा, म्हणजे त्याचे बाइट करायचे, तो एसएचए-२५६ ला द्यायचा आणि हेक्सडायजेस्ट, म्हणजे हॅश अक्षरांच्या रूपात, मागायचा. ६४ अक्षरांची ओळ मिळते. आज, उद्या, दहा वर्षांनी, कुठल्याही संगणकावर तीच.

दगडफोड्या

हॅशलिबला अनुमोदन, पण एसएचए-२५६ कशाला? इथे कोणी हल्लेखोर नाही. एक्सएक्सहॅश कितीतरी वेगवान आहे, ६४ बिटांचा आकडा देतो, तक्त्यात जागाही कमी खातो. आमच्याकडे लॉगच्या फायली ताडायला मी तोच वापरतो.

रात्रपाळी

@दगडफोड्या, तुमच्या कामाला तो योग्यच आहे. इथे ४० हजार ओळी आहेत. कुठलाही हॅश घ्या, काम चुटकीसरशी होईल, वेग वाचवून मिळणार काय? वाचनालयाचं काम पुढे दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार. एसएचए-२५६ असेल तर त्याला काही न बसवता पडताळता येईल. लिनक्सवर तयार कमांड आहे, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश आपणहून एसएचए-२५६च देतं.

एमडी५ मध्ये दोन वेगळ्या मजकुरांना एकच हॅश आणून दाखवला तो २००४ मध्ये. एसएचए-१ चं तेच २०१७ मध्ये झालं, अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने आणि गूगलने दोन वेगळ्या पीडीएफ एकाच हॅशच्या करून दाखवल्या. तुमच्या सूचीला यातून धोका नाही, पण नवं काम सुरू करताना मोडकं अवजार का घ्या?

एक इशारा मात्र देतो. सीआरसी३२ किंवा कुठलाही ३२ बिटांचा हॅश घेऊ नका. शक्य आकडे ४०० कोटींच्या वर असले तरी ४० हजार नोंदींत कुठल्या तरी दोन वेगळ्या पुस्तकांचा आकडा एकच येण्याची शक्यता साधारण १७ टक्के निघते. ७७ हजारांवर ती निम्म्यावर जाते.

जावाकर

जावातून येणाऱ्यांसाठी थोडं. तिथे स्ट्रिंगचा हॅशकोड रोज बदलत नाही, त्याचं सूत्र दस्तऐवजातच दिलंय: आधीच्या बेरजेला ३१ ने गुणा, पुढच्या अक्षराचा क्रमांक मिळवा. पण तोही ३२ बिटांचाच. इंग्रजी मोठा 'ए' आणि लहान 'ए' ही जोडी, आणि मोठ्या 'बी'ची जोडी, दोन्हींचा हॅशकोड २११२. कागदावर करून पाहा: ६५ गुणिले ३१ अधिक ९७, आणि ६६ गुणिले ३१ अधिक ६६.

ऱ्हस्वदीर्घ

ग्रंथसखी ताई, वरचं सगळं बरोबर आहे, तरी एसएचए-२५६ लावल्यावरही तुमच्या कितीतरी दुबार नोंदी निसटतील. मराठीत घोडं पेंड खातं ते पुढे आहे. हॅशला अक्षरं दिसत नाहीत, बाइट दिसतात. आणि मराठीत डोळ्यांना एकच दिसणारा शब्द दोन-तीन वेगळ्या बाइटमाळांनी लिहिला जातो.

हे दोन शब्द बघा: दुसऱ्या आणि दुसर्‍या. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, त्याचा युनिकोड क्रमांक ०९३१. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की हेच येतं. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मग डोळ्यांना न दिसणारा जोडक, क्रमांक २००डी. अनेक फोनेटिक कळफलकांतून हा येतो. पहिला शब्द २१ बाइटांचा, दुसरा २४. हॅश अर्थातच पूर्ण वेगळे. आता तुमच्या सूचीत बऱ्याच, वाऱ्या, किनारा-किनाऱ्यावर असली शीर्षकं किती असतील ते बघा!

युनिकोडडेटा लायब्ररीतलं एनएफसी सामान्यीकरण (युनिकोडच्या लेखी समतुल्य रूपं एका ठरलेल्या रूपात आणणं) लावा असं सगळीकडे सांगतात. लावाच. र आणि खाली नुक्ता असं लिहिलेलं ते ऱ करून देतं. पण जोडकवाल्या रूपाला ते हातही लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ही दोन रूपं समतुल्य नाहीत. मग काही जण सगळे अदृश्य जोडक सरसकट काढून टाकतात. कृपा करून तसं करू नका. जोडक काढला की 'र्‍या'चं 'र्या' होतं, म्हणजे डोंगरांमधल्या दऱ्यांचा समुद्राचा दर्या होतो आणि स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे आचार्य होतात. आपल्या भाषेत हा फरक जिवंत आहे, तो कोडच्या एका ओळीने पुसला जाऊ नये. आधी 'र, हलंत, जोडक' या तिघांच्या जागी 'ऱ, हलंत' बसवा. त्यानंतर उरलेले जोडक काढले तरी चालतील.

तसंच 'ॲ'चं. तो स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत आलेत. 'ॲप' ६ बाइट, 'अॅप' ९ बाइट. इथेही एनएफसी मदत करत नाही, स्वतःच बदलून घ्यावं लागतं. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलेल्या नोंदी असतील तर काना आणि मात्रा वेगवेगळे पडून 'ो' तयार झालेला दिसेल, तोही बघा.

हे सगळं हॅशपुरतंच करायचं. मूळ नोंद जशी आहे तशी राहू द्या.

सावंतवाडीकर

ऱ्हस्वदीर्घ यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे.

माझी एक भर. रकाने नुसते एकापुढे एक जोडू नका. कपाट १ मधलं पुस्तक १२ आणि कपाट ११ मधलं पुस्तक २, जोडल्यावर दोन्ही ११२. वेगळ्या नोंदींचा एकच हॅश आला आणि दोष हॅशचा नव्हे. रकान्यांची यादी करून ती जेसन या मजकूर-स्वरूपात बदला आणि त्या मजकुराचा हॅश काढा, सीमा आपोआप राखल्या जातात. वर्ष कोणी देवनागरी आकड्यांत लिहिलं असेल, कोणी इंग्रजी. पायथॉनचं 'इंट' दोन्ही वाचतं, त्यातून काढून घ्या.

ग्रंथसखी

किती आभार मानू! दऱ्या आणि दर्याचं वाचून अंगावर काटा आला, मी नेमके सगळे जोडक सरसकट काढणार होते. दोन गोष्टी विचारते. स्कॅनच्या फायली काही काही ३००-४०० एमबीच्या आहेत, त्या एकदम वाचायच्या का? आणि दुसरं, वाचनाच्या सवयींवर अभ्यास करणाऱ्या एका मुलीला देवघेवीची माहिती द्यायची आहे. सभासदांची नावं काढून मोबाइल नंबरचा एसएचए-२५६ दिला तर ओळख झाकली जाईल ना?

रात्रपाळी

फायलींसाठी पायथॉन ३.११ किंवा पुढचं असेल तर हॅशलिबमध्येच फाइल-डायजेस्ट आहे, ते तुकड्या-तुकड्याने वाचतं. जुनं असेल तर ६४ केबीचा एकेक तुकडा वाचून अपडेटला देत राहा, शेवटी येणारा हॅश तोच. फाइल बायनरी मोडमध्ये उघडायला विसरू नका. आधी फायलींचे आकार ताडा, आकार वेगळा तर हॅश काढायचीही गरज नाही. एकच अंक दोनदा स्कॅन केला असेल तर मात्र हॅश वेगळाच येणार, ते डोळ्यांनीच बघावं लागेल.

मोबाइल नंबरचं अजिबात करू नका. भारतातला मोबाइल नंबर १० अंकी, सुरुवात ६ ते ९. म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. साधा लॅपटॉपसुद्धा त्या सगळ्यांचे हॅश काढून तुमच्या यादीशी ताडू शकतो आणि प्रत्येक सभासदाचा नंबर उघडा पडतो. कोणी काय वाचलं ही खासगी गोष्ट आहे. प्रत्येक सभासदाला यादृच्छिक क्रमांक द्या आणि जोडणीचा तक्ता वाचनालयाबाहेर जाऊ देऊ नका. हॅशच हवा असेल तर एचमॅक (गुपित किल्ली मिसळून काढलेला हॅश) वापरा, ती किल्ली तुमच्यापाशीच ठेवून.

ऱ्हस्वदीर्घ

टंकलेखनाच्या चुका, म्हणजे एका नोंदीत 'कादंबरी' आणि दुसरीत 'कांदबरी', हॅशने सापडणार नाहीत. एका मात्रेने पूर्ण हॅश बदलतो. त्यासाठी जवळपास सारखे मजकूर शोधणारी रॅपिडफझ लायब्ररी घ्या, पण ती हॅशने गाळून उरलेल्या नोंदींवर चालवा.

ग्रंथसखी

मंडळी, काल रात्री सगळं केलं. ऱ चा बदल आधी, मग एनएफसी, ॲ, मग जेसन, मग एसएचए-२५६. नुसत्या ऱ मुळे निसटलेल्या जोड्या रकानेच्या रकाने भरून वर आल्या. सकाळी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालवलं, हॅश तेच!

एकच शंका. स्कॅनमधल्या १९ फायली वेगवेगळ्या नावांच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या अंकांच्या आहेत, पण सगळ्यांचा हॅश एकच येतोय. सुरुवात 'ई३बी०सी४४२' अशी आहे. एसएचए-२५६ मध्ये तर असं व्हायला नको ना?

रात्रपाळी

ताई, तो हॅश ओळखीचा आहे. काहीच मजकूर नसलेल्या फाइलचा एसएचए-२५६ नेहमी असाच सुरू होतो. त्या १९ फायलींचा आकार बघा बरं.

ग्रंथसखी

शून्य केबी. सगळ्या एकाच पेन ड्राइव्हवरून आलेल्या, कॉपी अर्धवट राहिली असणार. मूळ अंक अजून कपाटात आहेत, रविवारी स्कॅनर घेऊन जातेय.