१४८ नव्हे, १४४ पानं
भाऊ, तुमची कादंबरी डेमी आकाराच्या पुस्तकात १४८ पानं होतेय आणि नागपूरच्या महाल भागातला छापखानेवाला त्यातल्या शेवटच्या ४ पानांचे जास्तीचे पैसे मागतोय म्हणता. त्याचं बरोबर आहे. फॉर्म (एका कागदावर एकदम छापली जाणारी पानं) १६ पानांचा, ९ फॉर्म म्हणजे १४४. वरच्या ४ पानांना वेगळी प्लेट (छपाईचा पत्रा) लागते. मनोगत आटपा, कोरी पानं काढा, १४४ मध्ये बसेल. (मनोगत तसंही कोण वाचतं!) प्रुफं मात्र कागदावरच वाचा. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असले शब्द मोडलेले सापडतात. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो, एजंटला पैसे देऊ नका. आणि शंभरेकच प्रती हव्या असतील तर ऑफसेटचा नाद सोडा, डिजिटलवर छापा. तिथे प्लेटची भानगडच नाही.