जेनोवाचे १२व्या शतकातले करार आणि ‘स्तोरिया पात्रिया’ संस्था

पोथीवाचक:
इटलीतल्या जेनोवा या बंदर-शहराच्या १२व्या शतकातल्या व्यापारी करारांवर काम सुरू करायचंय. शोधताना तोरिनो, जेनोवा, पालेर्मो, नापोली, रोम अशा प्रत्येक शहराची वेगळी ‘स्तोरिया पात्रिया’ (मायभूमीचा इतिहास) संस्था दिसते. एकच मध्यवर्ती संस्था का नाही? या संस्था करतात तरी काय? आणि त्यांची प्रकाशनं वाचायला सभासद व्हावं लागतं का?

दप्तरखाना:
कारण सरळ आहे. इटलीचं राज्य १८६१चं, आणि तोरिनोची संस्था तिथला राजा कार्लो आल्बेर्तो याने १८३३ मध्येच काढलेली. जेनोवाची १८५७ची. एकीकरणानंतर पालेर्मो (१८७३), नापोली (१८७५), रोम (१८७६) आल्या, पण वळण तेच राहिलं: आपापल्या शहराचे कागद आपणच छापायचे. मध्यवर्ती संस्था १८८३ मध्ये निघाली खरी, पण तोवर प्रत्येकीचं बस्तान बसलेलं होतं.

व्याख्यानं, परिषदा सगळीकडेच होतात. या संस्थांचं खरं काम मूळ साधनं संपादित करून छापणं. तुमच्यासाठी पहिलं नाव जोव्हान्नी स्क्रिबा, जेनोवाचा नोटरी, म्हणजे करार नोंदवणारा लेखनिक. ११५४ ते ११६४ या काळातली त्याची नोंदवही म्हणजे आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी नोटरी-वही. ती छापलेली आहे. शहराच्या हक्कपत्रांचे ‘लिब्री यूरियुम’ १९व्या शतकात तोरिनोच्या मालिकेत निघाले होते, १९९०च्या दशकापासून ते नव्याने संपादित झाले. नवी आवृत्तीच धरा.

छापील दस्त वाचताना आधी क्रमांक, तारीख, स्थळ आणि इटालियन सारांश येतो, मग लॅटिन संहिता. चौकोनी कंसात असतं ते कागद फाटल्या-पुसल्यामुळे गेलेलं आणि संपादकाने भरलेलं; टोकदार कंसात लेखनिकाने विसरलेलं. बरेच जण सारांशावरच भागवतात आणि तिथेच फसतात, कारण साक्षीदार आणि नफ्याच्या वाटणीच्या अटी सारांशात बहुधा गळतात. संदर्भ देताना पानाबरोबर दस्त-क्रमांक द्याच.

कालगणना:
तारखांची भानगड आधी समजून घ्या. जेनोवात वर्ष २५ डिसेंबरला बदलायचं, त्यामुळे दस्तावर २७ डिसेंबर ११९१ असेल तर आपल्या हिशेबाने ते ११९०. व्हेनिसचं वर्ष १ मार्चला सुरू होतं, म्हणून तिथे जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखांत एक मिळवा. फिरेन्झे (फ्लॉरेन्स) आणि पिसा दोन्हीकडे २५ मार्च, पण पिसा वर्षभर पुढे. फिरेन्झेत १ जानेवारी ते २४ मार्च एक मिळवायचा, पिसात २५ मार्च ते ३१ डिसेंबर एक वजा.

पडताळणीसाठी दस्तातली इंदिक्तियो, म्हणजे १५ वर्षांच्या चक्रातला क्रमांक, वापरा. आपल्या हिशेबाच्या वर्षात ३ मिळवून १५ने भागा आणि बाकी घ्या. बाकी शून्य आली तर १५. जेनोवात हा आकडा २४ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर तसाच लागतो, १ जानेवारी ते २३ सप्टेंबर मात्र एकने कमी. १० मार्च ११९१ घ्या: ११९४ भागिले १५, बाकी ९, म्हणून दस्तात ८ हवा. तिथे ९ दिसला तर दस्त लगेच खोटा ठरवू नका, नोटरी बाहेरगावचा आहे का ते बघा.

वाचनकक्ष:
सभासदत्वाची घाई नको. जेनोवाच्या संस्थेची ‘आत्ती’ ही प्रकाशन-मालिका तिच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते. इंग्रजी जगातल्या दोन संस्थांची नावंही कानावर येतील: अमेरिकेतली १९५६ची, जिची बैठक अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनच्या जानेवारीतल्या अधिवेशनात भरते, आणि ब्रिटनमधली १९८२ची, ‘मॉडर्न इटली’ नियतकालिकवाली. दुसरीचा भर आधुनिक काळावर आहे, तुमच्या विषयाला तिचा फारसा उपयोग नाही.

पुढे सरकारी अभिलेखागारात मूळ वही पाहायला गेलात तर २०१७च्या कायद्याने अभ्यासासाठी स्वतःच्या फोनने, फ्लॅश आणि स्टँड न वापरता, फोटो विनाशुल्क काढता येतात. छापायचे असतील तर परवानगीचे नियम आधी विचारून घ्या. आणि ऑगस्ट टाळा. वेळा कमी होतात, काही ठिकाणी दारच बंद.