हान्यूची सुरुवात सोचीच्या आधीची

जपानी फिगर स्केटर युझुरू हान्यूची गोष्ट २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमधल्या सुवर्णपदकापासून सुरू होते, असं कुणीतरी लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही. त्याची खरी घडण त्याआधीची आहे.

जन्म १९९४ चा, गाव जपानमधलं सेंदाई. लहानपणापासून दमा. मोठ्या बहिणीच्या मागे मागे चौथ्या वर्षी बर्फावर उतरला. पुढे तिथली रिंक (स्केटिंगचं बर्फाचं मैदान) पैशांअभावी काही वर्षं बंद पडली, तरी २०१० मध्ये पठ्ठ्या ज्युनियर जगज्जेता झाला.

मग ११ मार्च २०११. भूकंप झाला तेव्हा तो रिंकवर सराव करत होता. पायातले स्केट्स काढायलाही वेळ नव्हता, तसाच बाहेर पळाला. ज्या पात्यांना धूळसुद्धा लागू नये म्हणून स्केटर जिवापाड जपतात, त्या पात्यांवर! घरच्यांसोबत काही दिवस निवारा केंद्रात काढले. रिंक बंद, म्हणून गावोगावच्या आइस शोमध्ये मिळेल तेवढ्या बर्फावर सराव केला.

पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या नीसची जागतिक स्पर्धा. वय १७. शॉर्ट प्रोग्रॅमनंतर, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या, छोट्या फेरीनंतर सातवा. फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या, मोठ्या फेरीत उडी वगैरे काही नसताना, साध्या पावलावर तो आपटला. उठला आणि लगेच हवेत साडेतीन गिरक्यांची उडी, ट्रिपल अ‍ॅक्सेल, त्याला जोडून तीन गिरक्यांची ट्रिपल टो लूप! कांस्यपदक मिळालं. तो व्हिडिओ मी कितीदा पाहिला असेन, पण त्या उडीच्या आधी श्वास अजूनही अडकतो. टोरांटोला प्रशिक्षक ब्रायन ऑर्सरकडे तो गेला, ते यानंतर.