मदत हवी आहे: एकाच एलपीची पहिली बाजू चढी, दुसरी बाजू सुरात

पेटीसाथ

नमस्कार मंडळी,

माझे मामा बोटीवर नोकरीला होते. साठच्या दशकात बोट न्यूयॉर्कला लागली की ते जॅझच्या एलपी घ्यायचे. त्यांचा तो खोका आता माझ्याकडे आला आहे. यातलं काहीही विकायचं नाही, तेव्हा किमतीचे अंदाज नकोत. मला या रेकॉर्डी नीट ऐकायच्या आहेत आणि जमलं तर त्यांच्यासोबत वाजवायचं आहे. मी पेटी वाजवतो, गायकांना साथ करतो.

अडचण आहे ती ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमची. प्रत मोनो, क्रमांक सीएल १३५५, कोलंबियाचं लाल लेबल, त्याच्या कडांना डोळ्यांसारखी सहा चिन्हं. पहिली रचना 'सो व्हॉट'. पॉल चेंबर्स बासवर धून म्हणतो आणि बाकीचे त्याला दोनच आघातांचं उत्तर देतात, ती जागा आली तेव्हा मला राहवेना, पेटी पुढे ओढली. ही रचना 'डी'मध्ये, म्हणजे आपल्या पांढरी दोनमध्ये. तिथे षड्ज धरला की गंधार-निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध. सरळ काफी थाट. मधले आठ बार तोच थाट उचलून काळी दोनवर नेतात आणि परत खाली आणतात. डोक्यात लगेच बसलं, पण पेटीशी काही जुळेना. रेकॉर्डचा षड्ज पांढरी दोनच्या वर आहे आणि काळी दोनच्या बराच खाली. ट्यूनर अ‍ॅपवर बघितलं, वीसेक सेंट (सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा. पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला लावलेली आहे, ती तपासून घेतली.

टर्नटेबलचा पट्टा ढिला झाला असेल म्हणून नवा घातला. फरक नाही. मग उलटी बाजू लावली, तर 'ऑल ब्लूज' पांढरी पाचवर चपखल बसलं! तेच टर्नटेबल, तीच रेकॉर्ड. खोक्यातल्या दुसऱ्या एलपीही सुरात आहेत. फक्त याच रेकॉर्डची पहिली बाजू चढी, तीसुद्धा पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच.

मोटरच्या तळाशी वेग कमी-जास्त करायचे दोन बारीक स्क्रू आहेत. ते फिरवावेत का?

आणखी दोन गोष्टी. त्याच बाजूच्या शेवटी 'ब्लू इन ग्रीन'मध्ये ट्रम्पेट करकरतो. सुरुवातीच्या दोन रचनांत तसं काही होत नाही. शिवाय खोक्यातल्या काही रेकॉर्डींवर पांढरट बुरशी आहे. ती कशी काढावी?

खरखर

स्क्रूला अजिबात हात लावू नका, आधी टर्नटेबलचा वेग मोजा. रेघांची स्ट्रोब चकती मिळते, वेग बरोबर असला की दिव्याखाली तिच्या रेघा स्थिर दिसतात. ५० हर्ट्झच्या विजेवर एलपीच्या वेगासाठी, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी, तिच्यावर १८० रेघा असाव्या लागतात. २१६ रेघांची चकती अमेरिकेतल्या ६० हर्ट्झसाठी असते, ती इथे वापरली तर उगाच घोळ होईल. घरातल्या एलईडी दिव्याखाली बऱ्याचदा रेघा स्थिर दिसतच नाहीत. साधा पिवळा बल्ब घ्या.

टर्नटेबलही मामांनी तिकडूनच आणलंय का? जुन्या अमेरिकन टर्नटेबलांची मोटर विजेच्या हर्ट्झवर चालते. इथे लावलं की ते सावकाश फिरतं. पण मग सूर उतरला असता, चढला नसता. आणि दोन्ही बाजू उतरल्या असत्या.

मधलं भोक थोडं बाजूला पडलेलं असलं तरी सूर हलतो. पण त्यात सूर एका जागी राहत नाही, दर फेरीला, म्हणजे १.८ सेकंदांनी, वर जाऊन खाली येतो. लांब धरलेल्या स्वरात तो डोल कळतो. तुम्ही म्हणता सूर सारखाच चढा आहे, म्हणजे तेही नाही.

पेटीसाथ

टर्नटेबल इथलंच आहे, डीसी मोटरचं. स्ट्रोब चकतीवर रेघा स्थिर आहेत. डोल नाही, सूर ठाम आहे, फक्त वर आहे.

जुनी तबकडी

पेटीसाथ, तुमचं टर्नटेबलही ठीक आहे आणि तुमचा कान तर त्याहून ठीक आहे. चढेपणा रेकॉर्डमध्येच आहे आणि त्याला ठोस कारण आहे.

हा अल्बम १९५९ साली न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत दोन बैठकींत ध्वनिमुद्रित झाला. ती मूळची चर्चची इमारत, छत उंच, म्हणून तिथल्या ध्वनिमुद्रणांत ती मोकळी हवा ऐकू येते. पहिली बैठक २ मार्चची, दुसरी २२ एप्रिलची. आता तुमची रेकॉर्ड हातात घ्या. पहिल्या बाजूवरच्या तिन्ही रचना, 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन', २ मार्चच्या आहेत. दुसऱ्या बाजूवरच्या दोन्ही २२ एप्रिलच्या.

२ मार्चला ज्या मशिनवर मुख्य टेप चालली होती, ते मशीन किंचित सावकाश फिरत होतं. वादन सावकाश फिरणाऱ्या टेपवर उतरलं आणि नंतर तीच टेप योग्य वेगाच्या मशिनवर वाजवली, की ते आपोआप जलद होतं आणि सूरही चढतो. त्याच टेपवरून एलपी निघाली. मोनो आणि स्टीरिओ, दोन्हींत पहिली बाजू चढी आहे. जगभर लोकांनी ती तशीच ऐकली, तिच्यासोबत वाजवून शिकले आणि तीस-पस्तीस वर्षं हे असंच चाललं.

बैठकीच्या वेळी शेजारी दुसरं मशीनही चालू होतं, राखीव टेपसाठी. ते बरोबर वेगाने फिरत होतं. १९९२ च्या आवृत्तीसाठी त्या राखीव टेपा वापरल्या आणि पहिली बाजू पहिल्यांदाच खऱ्या सुरात बाहेर आली. त्यानंतरच्या बहुतेक आवृत्त्या दुरुस्त केलेल्या वेगाच्या आहेत.

घरबसल्या पडताळा घेता येईल. वीस सेंट म्हणजे वेगात साधारण सव्वा टक्क्याचा फरक. 'सो व्हॉट' नऊ मिनिटांच्या वर आहे. तुमच्या एलपीवर घड्याळ लावून ते मोजा आणि अलीकडच्या आवृत्तीशी ताडून बघा. तुमचं सहा-सात सेकंद आधी संपायला हवं.

म्हणून स्क्रू फिरवू नका. ही बाजू सुरात येईल, पण याच रेकॉर्डची दुसरी बाजू आणि मामांचा बाकीचा सगळा खोका उतरेल. जवळ कीबोर्ड असेल तर त्याचं ट्यूनिंग ४४० ऐवजी ४४५ करा. तुमच्या आकड्यावरून हिशेब तेवढाच येतो. पेटीसोबतच वाजवायचं असेल तर वेग बदलता येणारं डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल एखाद्या मित्राकडून आणा, आणि वेग सव्वा टक्का खाली घ्या.

एक विचारतो. दुसऱ्या बाजूच्या लेबलवर आधी काय छापलंय, 'फ्लॅमेन्को स्केचेस' की 'ऑल ब्लूज'?

पेटीसाथ

आधी 'फ्लॅमेन्को स्केचेस' छापलंय! पण वाजतं ते आधी सहा मात्रांचं, दादऱ्याच्या अंगाचं. त्यालाच मी 'ऑल ब्लूज' धरलं, कारण नाव मला ऐकून माहीत होतं. लेबलमुळे जरा गोंधळलोच होतो.

जुनी तबकडी

तुम्ही धरलंत तेच बरोबर. सहा मात्रांचं 'ऑल ब्लूज', आणि त्यानंतरचं ठाय लयीतलं 'फ्लॅमेन्को स्केचेस'. अगदी सुरुवातीच्या प्रतींवर ही नावं उलटी छापली गेली होती. म्हणजे मामांनी घेतलेली प्रत बरीच आधीची आहे. विकायची नाही म्हणालात, छान. पण एक विनंती. १९९२ नंतरची आवृत्ती आणलीत तरी ही ऐकायची थांबवू नका. त्या चढ्या सुरात जी धार आहे, तिच्यावरच एक पिढी वाढली. दुरुस्त आवृत्तीत बास किंचित खोल आणि सगळं थोडं निवांत वाटतं. मला स्वतःला तीच जास्त आवडते, कारण त्या दिवशी त्या खोलीत जे वाजलं ते तसं होतं. पण दोन्ही शेजारी-शेजारी ऐकण्यासारखी आहेत.

सोनटक्का

थोडं अवांतर, पण पेटी आणि काफी थाट वाचून राहवलं नाही. मुंबईला जॅझ काही मामांच्या बोटीने पहिल्यांदा आणलं नाही. तीसच्या दशकातच ताजमहाल हॉटेलात अमेरिकन बँड येत होते. पुढे गोव्याच्या वादकांनी ते संगीत आपलंसं केलं. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हॉटेलांत बँड चालवायचे आणि सी. रामचंद्रांचे साहाय्यकही होते. आपल्या जुन्या हिंदी गाण्यांतले ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे तुकडे बऱ्याचदा याच मंडळींचे. मामा मुंबईचे असतील तर न्यूयॉर्कला दुकानात शिरण्याआधीच त्यांच्या कानावर हे पडलेलं असणार. खोक्यात काही ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, जुन्या) तबकड्या असल्या तर जरूर सांगा.

पेटीसाथ

जुनी तबकडी, किती आभार मानू? घड्याळ लावून मोजलं, फरक तुम्ही म्हणालात तेवढाच आला. मुलीचा कीबोर्ड ४४५ ला लावला आणि 'सो व्हॉट'सोबत वाजवलं. सूर असा मिळाला की बिल इव्हान्सच्या पियानोतले मधले स्वर मला पहिल्यांदाच वेगळे ऐकू आले. 'फ्रेडी फ्रीलोडर'चा पियानो मात्र वेगळ्याच हाताचा वाटतो, जास्त उड्या मारणारा. मला तसंच वाटतंय की खरंच कोणी दुसरं आहे?

सोनटक्का, तळाशी सात-आठ ७८ च्या आहेत. बुरशी त्यांच्यावरच सर्वांत जास्त आहे.

जुनी तबकडी

खरंच दुसरा आहे. तेवढ्या एका रचनेत विंटन केली आहे, बाकी चारही ठिकाणी इव्हान्स.

खरखर

'ब्लू इन ग्रीन'च्या करकरण्याबद्दल. टर्नटेबल एका वेगाने फिरतं, पण सुईखालून खाच एका वेगाने जात नाही. बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण अर्धा मीटर खाच सरकते. लेबलजवळ ती वीस-एकवीस सेंटिमीटरवर येते. तितकाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, त्यामुळे बारीक, उंच आवाज सुईला नीट पकडता येत नाहीत. त्यात माइल्स इथे ट्रम्पेटला हार्मन म्यूट (पुढच्या तोंडात बसवायचं धातूचं बूच) लावून वाजवतो. त्याचा तो पत्र्यासारखा बारीक सूर म्हणजे सगळे उंच उपस्वर, आणि ते आलेत नेमके बाजूच्या शेवटी.

क्रमाने करा. आधी सुईचा दाब वजनकाट्यावर तपासा, कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) कागदावर लिहिलाय तेवढा ठेवा. दाब कमी ठेवला तर रेकॉर्ड वाचेल असं लोकांना वाटतं, पण हलकी सुई खाचेत उडते आणि जास्त नुकसान करते. मग कागदी प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायच्या खुणांचा कागद) छापून कार्ट्रिजचा कोन आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही खुणांवर जुळवा. ऐंशी टक्के वेळा इथेच काम होतं. अ‍ॅम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दाबा. मोनो रेकॉर्डमध्ये संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. उभ्या हालचालीतून येते ती नुसती धूळ आणि झीज, बटण दाबलं की ती गळून पडते. एवढं करूनही करकर राहिली तर मामांच्या काळच्या जड सुईने खाच घासली गेली असेल, त्याला इलाज नाही. तरीही वेगळ्या आकाराची सुई लावून बघा. ती खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकते, आणि तिथली भिंत कधी कधी शाबूत असते.

बुरशी. एलपीसाठी डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब. मऊ कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसा, आडवं घासू नका, लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा पुसून पूर्ण वाळू द्या. ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात. त्यांना अल्कोहोलचा थेंबही लावू नका, लाख विरघळते. त्यांना फक्त पाणी आणि साबणाचा थेंब, आणि लगेच कोरडं करा. आतल्या जुन्या कागदी पिशव्या टाकून द्या, बुरशी त्यांतच राहते. रेकॉर्डी उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि बदलत राहा.

पेटीसाथ

मोनोचं बटण आहे, दाबल्याबरोबर मागची खसखस निम्मी झाली. प्रोट्रॅक्टर रविवारी छापून घेतो. कार्ट्रिज आतल्या खुणेला थोडं तिरकं दिसतंय. ७८ च्या वाजवायच्या असतील तर हीच सुई चालेल का?

खरखर

नाही. ७८ ची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते, एलपीची सुई तिच्या तळाशी जाऊन घासत राहील. तुमच्या कार्ट्रिजला ७८ ची वेगळी सुई मिळते का ते विचारा. मॉडेल नंबर इथे टाका, सांगतो. आणि टर्नटेबलला ७८ चा वेग आहे ना, ते बघून घ्या.