मदत हवी आहे: हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि डोळ्यांची तपासणी

नमस्कार मंडळी. आईला आमवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन सुरू झाली आहे. मूळचं हे मलेरियाचं औषध, पण ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आणि आमवातातही देतात. गुण यायला दोन-तीन महिने लागू शकतात, त्यामुळे घाई नाही. मळमळ व्हायची, गोळी जेवणानंतर घेतल्यापासून ती बरीच कमी झाली.

खरी काळजी डोळ्यांची आहे. रोजचा डोस वजनाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आत असला की पहिली काही वर्षं दृष्टिपटलाला धोका कमी असतो, पण एकदा झालेली इजा सहसा भरून येत नाही. म्हणून सुरुवातीला एकदा आणि साधारण 5 वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करतात. मात्र मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल तर धोका वाढतो, आणि आईचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) थोडं जास्त आहे. असं असताना तुमच्यापैकी कुणाच्या घरी तपासणी लवकर सुरू केली का? ओसीटी (दृष्टिपटलाचं स्कॅन) आणि व्हिज्युअल फील्ड (नजरेच्या कक्षेची तपासणी), दोन्ही सांगितल्या होत्या का?

शिवाय तिला मधुमेहाच्या गोळ्या आहेत आणि या औषधाने साखर उतरू शकते. कुणाला तसा अनुभव?

औषध आम्ही मनाने बंद करणार नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, तेवढं सांगा.